वृक्ष पाणी कोठून पितो?

आमच्या परसांतील आंबा तीर्थरूपांनीं लाविला. त्यांनीं बुंध्याशीं जें आळें केलें, त्यांतच आम्ही पुढें चाळीस वर्षें न्हाणीचें पाणी सोडीत आलों. एका वैशाखांत विहिरीनें तळ गांठला. घरांतील माणसांना पाणी मोजून मिळूं लागलें, तरी आंब्याच्या दोन बादल्या मीं चुकूं दिल्या नाहींत. सूनबाईंचा रोषहि पत्करला. इतकें करून शेंड्याचीं पानें वाळूं लागलीं. बुंधा सदैव ओला आणि शेंडा तहानलेला!

संस्कृतांत वृक्षास 'पादप' म्हणतात. पायांनीं पितो तो पादप. हा समास मीं मुलांकडून वर्षानुवर्षें सोडवून घेतला, पण तो नेमका कोणत्या पायानें पितो, हा प्रश्न मला कधीं सुचला नाहीं. जाड मुळें झाडास धरून ठेवितात व पाणी वाहून नेतात. पिण्याचें काम बहुतांशीं टोंकांकडील कोवळ्या मुळांचें आणि त्यांवरील सूक्ष्म केसांचें. झाड वाढतें तसतशीं हीं टोंकें बुंध्यापासून दूर सरकतात, कित्येकदां छायेच्याहि बाहेर जातात.

भूमीखालचा हा व्यवहार न खणतां पाहण्याची युक्ति शास्त्रज्ञांना सांपडली आहे. तिचें मूळ हॅरल्ड यूरे यांच्या १९३१ सालच्या शोधांत आहे. हायड्रोजनाचा एक दुप्पट वजनाचा भाऊ असतो. त्याचें नांव ड्यूटीरियम. पाण्यांत त्याचा अत्यल्प अंश असतो, पण पावसाच्या, ओढ्याच्या आणि खोल भूमीच्या पाण्यांत तो बहुधा सारखा नसतो. मूळ पाणी शोषितें तेव्हां हें प्रमाण सहसा पालटत नाहीं. म्हणून फांदीच्या काष्ठांतील पाणी काढून तपासलें, कीं तें कोठलें याचा उलगडा होतो. पाटाच्या पाण्यांत थोडें जड पाणी मिसळून त्याचा मागहि असाच काढतां येतो.

अमेरिकेंतील यूटा संस्थानांत टॉड डॉसन व जेम्स एलेरिंगर यांनीं ओढ्याकाठच्या झाडांची अशी परीक्षा केली आणि १९९१ सालीं तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. अगदीं काठावरचीं मोठीं झाडें ओढ्याचें पाणी जवळजवळ पीतच नव्हतीं! त्यांचें पाणी खोल थरांतलें होतें. ओढ्याचें पीत होतीं तीं काठावरचीं लहान झाडें. हें वाचलें तेव्हां मी चष्मा काढून बराच वेळ स्वस्थ बसलों.

यूटाचा न्याय आमच्या आंब्यास जसाच्या तसा लावणें बरें नव्हे. माती निराळी, जातहि निराळी. पण माझी चूक उमजली. रोप होतें तेव्हां आळें बुंध्याशीं असणें रास्तच होतें. पुढें झाड वाढलें, आळें मात्र आम्ही हलविलें नाहीं. वडिलांच्या हातचें तें बुजवावयास माझें मन धजेना. शेवटीं नातवानें कुदळ घेतली. त्यानें छायेच्या कडेनें वर्तुळाकार उथळ चर खणला व वर पालापाचोळा पसरला. आतां रोज थोडें पाणी न देतां आठवड्यांतून एकदां भरपूर देतों, म्हणजे तें खोल उतरतें. दुसऱ्या वर्षीं शेंड्यास पालवी आली.

छायेची पूर्वेकडील कड शेजाऱ्यांच्या परसांत उतरते. त्यामुळें आमचें निम्में पाणी हल्लीं कुंपणापलीकडे जातें. शेजारीणबाईंनीं तेथें अळू लाविलें आहे.