काल चालणारी कमांड आज ‘फाइल नाही’ का म्हणते? समजून घ्या कंपायलरची भानगड

अमरावती : समजा, राजापेठेतल्या एखाद्या कॉम्प्युटर क्लासमध्ये उबुंटू २०.०४ काढून २२.०४ टाकले. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी नेहमीचीच कमांड देतो. प्रोग्राम कंपाइल होतो, चालतोही. पण कोडच्या कोणत्या ओळी प्रत्यक्षात चालल्या, हे दाखवणारे ‘जीकॉव्ह’ टूल म्हणते, नोट्स फाइल उघडता येत नाही. ‘सर, काल तर चालत होतं ना!’ मग सर कोडमध्ये चूक शोधत बसतात. चूक तिथे नसतेच.

नेमके बदलले काय?

उबुंटू २०.०४ सोबत जीसीसी कंपायलरची ९ वी आवृत्ती मिळते, २२.०४ सोबत ११ वी. कंपायलर मुख्य फाइलशिवाय काही जोडफाइलीही तयार करतो. मुख्य फाइलचे नाव ‘डॅश ओ’ या पर्यायाने ठरते. तो दिला नाही तर ‘ए डॉट आउट’. जोडफाइलीचे नाव मात्र पूर्वी सोर्स फाइलवरून पडायचे. ‘मेन डॉट सी’ असेल तर ‘मेन डॉट जीसीएनओ’.

एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या जीसीसी ११ पासून कंपाइल आणि लिंक एकाच कमांडमध्ये केले, तर आउटपुटचे नावही पुढे जोडले जाते. म्हणजे फाइल बनते ‘ए-मेन डॉट जीसीएनओ’. जीकॉव्हला आपण ‘मेन डॉट सी’ सांगतो, ते ‘मेन डॉट जीसीएनओ’ शोधते आणि रिकाम्या हाताने परतते. फाइल तिथेच, शेजारी पडलेली असते!

मग बदलले कशाला?

कारण रास्त होते. एकाच फोल्डरमध्ये एकाच सोर्सपासून दोन प्रोग्राम बनवले, की दुसऱ्याच्या जोडफाइली पहिल्याच्या पुसून टाकत. ते थांबवण्यासाठी मे २०२० मध्ये ब्राझीलचे प्रोग्रामर अलेक्सांद्रे ओलिव्हा यांचा नामकरणाचा मोठा बदल जीसीसीत आला. आवृत्तीच्या सूचनांमध्ये सुधारणांसोबत काही धक्केही बसतील, असा इशारा होता. पण त्या सूचना वाचतो कोण? इंजिनिअरिंगची चार वर्षे आम्हीही कधी वाचल्या नाहीत.

आधी चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली, तर तिला ‘रिग्रेशन’ म्हणतात. इथे बदल मुद्दाम केलेला होता, म्हणून जीसीसीच्या लेखी तो दोष नाही. ज्याचा रिपोर्ट व्हायव्हाच्या आदल्या रात्री कोरा निघाला, त्याला हा फरक पटणे कठीण!

खरी दुरुस्ती इथे नुसता कोड बदलून होत नाही. पर्यायांच्या जोड्या इतक्या आहेत, की एक सुधारताना दुसरी बिघडते. म्हणून जीसीसीच्या चाचण्यांमध्ये ‘आउटपुट्स’ नावाची स्वतंत्र फाइल आहे. कोणत्या पर्यायांनी कोणत्या नावाच्या फाइली बनायला हव्यात, हे ती एकेक करून तपासते. कंपायलरच्या पोटात काय चालते याची गोडी लागली असेल, तर आयआयटी मुंबईचे प्रा. उदय खेडकर यांच्या जीसीसी कार्यशाळांचे साहित्य जरूर शोधा.

तुम्ही काय कराल?

सर्वात सोपे म्हणजे काम दोन टप्प्यांत करा. आधी ‘डॅश सी’ देऊन फक्त कंपाइल करा, नंतर लिंक करा. दोन्ही वेळा ‘कव्हरेज’चा पर्याय द्यायला विसरू नका. जोडफाइल पुन्हा ‘मेन डॉट जीसीएनओ’ याच नावाने मिळेल. घाई असेल तर जीकॉव्हला थेट ‘ए-मेन डॉट जीसीडीए’ हे नाव द्या. मेकफाइलमध्ये जुनी नावे लिहिलेली असतील, तर तीही बदला आणि फोल्डरमधल्या जुन्या जोडफाइली आधी काढून टाका. नाहीतर कालचाच रिपोर्ट आज दाखवून बसाल.