पेसमेकरची तार कोठे रोवावी?

पेसमेकरचे विद्युत्‌स्पंद हृदयात नेणारी तार, म्हणजे लीड, वर्षानुवर्षे उजव्या जवनिकेच्या, म्हणजे खालच्या उजव्या कप्प्याच्या, टोकाशी रोवली जात आली, कारण तेथे ती सहज पोहोचते. परंतु तेथून निघालेला स्पंद नैसर्गिक वाहक तंतूंऐवजी स्नायूंतून सावकाश पसरत असल्याने डावी जवनिका उशिरा आकुंचन पावते आणि काही रुग्णांचे हृदय कालांतराने दुबळे होते. डॉ. प्रमोद देशमुख यांनी अमेरिकेत सहकाऱ्यांसह ‘हिस’ जुडीत, म्हणजे दोन्ही जवनिकांकडे संदेश नेणाऱ्या तंतूंच्या मुळाशी, कायमची तार बसवण्याचा प्रयोग २००० साली प्रसिद्ध केला. ही जुडी फारच बारीक असल्याने कसब पणाला लागते. म्हणूनच २०१७ मध्ये चिनी वैद्यांनी मांडलेली, मधल्या पडद्यात खोल शिरून डावी शाखा गाठण्याची पद्धत अधिक व्यवहार्य वाटते.