फोनवरचा ‘साहेब’ : ओळखावा कसा, अडवावा कसा



गळीत हंगाम सुरू झाला, की आपल्या भागात चावडीपासून दूध डेअरीपर्यंत दोनच गोष्टींची चर्चा असते : टोळी कधी येणार आणि बिल कधी जमा होणार. ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावेत, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात म्हटले आहे. बिलाचे हे दिवस आपल्याला जसे पाठ आहेत, तसेच ते आणखी एका माणसालाही पाठ आहेत. तो शिवारात कधी येत नाही. त्याचे तोंडही कोणी पाहिलेले नाही. तो फक्त फोन करतो.

फोन साधारण असा असतो :

“काका, कारखान्याच्या हिशेब खात्यातून बोलतोय. तुमचं बिल अडकलंय. खात्याची केवायसी राहिलीय.”

“व्हय का साहेब? मग आता काय करायचं?”

“आत्ता एक मेसेज आलाय बघा. त्यातले सहा आकडे वाचून दाखवा. पाच वाजता काम बंद होणार, मग बिल पुढच्या महिन्यात.”

काका चष्मा शोधतात, आकडे वाचतात आणि वर “लई उपकार झालं साहेब” असेही म्हणतात. तेवढ्या वेळात पैसा गेलेला असतो. सोसायटीची वसुली कापून जे काही हातात राहते, त्यावरच पुढच्या लागणीचे खत, पोरीची फी आणि म्हातारा-म्हातारीचे औषधपाणी अवलंबून असते. तेच नेमके जाते.

म्हणून आम्ही प्रथमच स्पष्ट सांगतो. बिल जमा होण्यासाठी ओटीपी, पिन किंवा कार्डाचे आकडे लागत नाहीत. कारखाना, बँक किंवा सेवा संस्था यांतले कोणीही ते फोनवर विचारत नाही. ओटीपी म्हणजे ‘माझ्या खात्यातून पैसे काढा’ असे सांगणारी तुमची सहीच होय. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये, हे आपल्या वाडवडिलांनी सोसून शिकलेले शहाणपण. ओटीपी सांगणे हा त्यातलाच प्रकार आहे.

आता जरा विचार करा. मुकादमाला उचल देताना आपण त्याचे गाव विचारतो, करार करतो, जामीन घेतो, मागच्या साली तो कुठे होता याची चौकशी करतो. एवढे करूनही काही जण फसतात. मग ज्याचे ना गाव माहीत ना नाव, त्याच्या हातात खात्याची किल्ली आपण पाच मिनिटांत कशी देतो? कारण एकच. समोरचा ‘साहेब’ आहे असे वाटते, आणि साहेबाचा फोन मध्येच ठेवणे आपल्याला उद्धटपणा वाटतो. चोर आपल्या या भलेपणावरच जगतो.

अडाणी माणूसच फसतो, असेही कोणी समजू नये. सुताच्या धंद्यातील मोठे नाव असलेल्या लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना २०२४ च्या ऑगस्टमध्ये असाच फोन आला. भामट्यांनी ‘तुम्ही गुन्ह्यात अडकला आहात’ असे सांगून त्यांना व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवले, सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली आणि ७ कोटी रुपये उकळले. चोर तो चोर, वर शिरजोर! याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. वास्तविक असली अटक कोणत्याही कायद्यात नाही. पोलीस फोनवरून अटक करीत नाहीत, आणि न्यायालय फोनवरून दंड मागत नाही.

ओळखावा कसा?

१) तो घाई करतो. ‘आत्ताच करा, नाहीतर खाते बंद, वीज तोडणार, अनुदान परत जाणार.’ घाटातल्या रस्त्यावर पाटी असते ना, ‘अति घाई संकटात नेई’? ती इथेही लागू आहे.

२) तो गुप्तता पाळायला सांगतो. ‘घरात कोणाला सांगू नका, फोन ठेवू नका.’ खऱ्या कामाला असली लपवाछपवी लागत नाही.

३) पैसे देतो म्हणतो आणि पिन टाकायला लावतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.

४) व्हॉट्सअॅपवर ‘पीएम किसान’ किंवा लग्नपत्रिका अशा नावाची फाईल पाठवतो. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर तिला हात लावू नये. ती उघडून बसवली, की फोनमधले मेसेज चोराला दिसू शकतात.

५) *४०१* ने सुरू होणारा क्रमांक दाबायला सांगतो. त्याने तुमचे फोन दुसरीकडे वळवले जातात. चुकून दाबला असल्यास ##००२# दाबून ते वळवणे रद्द करावे.

अडवावा कसा?

नको असलेला क्रमांक फोनच्या यादीत दाबून धरला, की ‘ब्लॉक’ असे येते. ते करावे. घरातल्या शाळकरी पोराला सांगितले तरी ते करून देईल. जाहिरातींचे फोन थांबवण्यासाठी १९०९ वर नोंद करता येते. फसवणुकीचा संशय असलेला फोन शासनाच्या ‘संचार साथी’वर ‘चक्षू’ या सदरात कळवता येतो.

मात्र हे सगळे कुंपण आहे, राखणदार नव्हे. चोर रोज नवा क्रमांक घेतो, आणि पडद्यावर खोटा क्रमांकही दाखवू शकतो. म्हणून खरा उपाय एकच : बोलणे मध्येच तोडून फोन ठेवा. मग आपल्या ओळखीच्या ठिकाणी, म्हणजे गट ऑफिसात, बँकेच्या शाखेत किंवा सोसायटीच्या सचिवाकडे स्वतः जाऊन विचारा. फोनवाल्याने दिलेल्या क्रमांकावर विचारू नका.

पैसे गेलेच तर?

रडत बसू नये, आणि लाजेने लपवूही नये. लगेच १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावे आणि पोलिसांत तक्रार द्यावी. चोर पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवत असतो. वेळेत कळले तर तो वाटेत गोठवता येतो. ओसवाल यांनी तक्रार केल्यावर सव्वापाच कोटी रुपये परत मिळवता आले. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली असे ठरवून दिले, की ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तरी बँकेला कळविल्यानंतरचे नुकसान ग्राहकावर पडू नये. त्यामुळे प्रत्येक मिनिट मोलाचे आहे.

तरुण सभासदांना एक वेगळी विनंती. ‘तुझं खातं वापरायला दे, कमिशन देतो’ असे कोणी म्हणाले तर साफ नकार द्या. चोरीचा पैसा अशाच खात्यांतून फिरतो, आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्याच दारात येतात.

हे पान आज रात्री जेवणानंतर घरात मोठ्याने वाचावे. विशेषतः ज्यांची मुले पुण्या-मुंबईस आहेत आणि घरी दोघेच आहेत, अशा शेजाऱ्यांना ते आवर्जून ऐकवावे. अनोळखी साहेबाचा फोन ठेवल्याने कोणाचे बिल आजवर अडलेले नाही आणि पुढेही अडणार नाही, ही खात्री आम्ही देतो.