लहरींची मोजणी

नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमाचे पाणी चढू लागले, की दत्तपादुकांवरून वाहत ते मंदिराच्या दक्षिणद्वाराने केव्हा बाहेर पडते याकडे भाविकांचे लक्ष लागून राहते, आणि त्याच पाण्याची पातळी सरकारी दप्तरातही तितक्याच काळजीने नोंदली जाते. ही पातळी पूर्वी केवळ मोजपट्टीवर डोळ्यांनी वाचीत. आता नद्यांच्या पुलांना रडार-मापकेही बसवतात. अशा मापकाच्या कर्ण्यातून निघालेली 26 गिगाहर्ट्झची लहर 10 मीटर खालच्या पाण्यावर आपटून परत येण्यास सेकंदाचा सुमारे दीड कोटीवा अंश पुरतो. मात्र तिचा झोत अरुंद असावा, पुलाच्या खांबांवर तो आदळू नये, यासाठी कर्ण्याचा आकार आधी गणिताने ठरवावा लागतो.

अशा विद्युत्चुंबकीय लहरींचे वर्तन सांगणारी मॅक्सवेलची समीकरणे 1865 पासून हाताशी आहेत. पण अगदी साध्या आकृती सोडल्यास ती कागदावर सुटत नाहीत. म्हणून अवकाशाचे लहान चतुष्फलक पाडून प्रत्येकात क्षेत्र साधे मानावयाचे आणि शेजाऱ्याशी त्याचा मेळ घालावयाचा, ही फायनाइट एलिमेंट पद्धती. तिचे बीज गणितज्ञ कूरांट यांच्या 1943 च्या निबंधात आढळते. नाव 1960 मध्ये क्लफ या स्थापत्य अभियंत्याने दिले.

स्थापत्यातील रिवाजाप्रमाणे अज्ञात राशी चतुष्फलकांच्या कोपऱ्यांवर मांडल्या, आणि तेथेच घोटाळा झाला. दोन पदार्थांच्या सरहद्दीवर विद्युत्क्षेत्राचा पृष्ठभागाला समांतर घटक अखंड राहतो, लंब घटक मात्र एकदम बदलतो. कोपऱ्यांवरचा हिशेब दोघांनाही अखंड राहण्याची सक्ती करतो, आणि मग निसर्गात नसलेली कंपने उत्तरात उमटू लागतात. शेतांच्या हद्दीचा वाद कोपऱ्यावरच्या दगडापाशी नव्हे तर बांधावर मिटवावा, तसा नेदेलेक या फ्रेंच गणितज्ञाने 1980 मध्ये हा हिशेब कडांवर नेला: प्रत्येक कडेच्या दिशेने असलेला क्षेत्राचा घटक तेवढा जुळवावयाचा, बाकीच्यास मोकळीक. विशेष हे, की गणितज्ञ व्हिटनी यांनी 1957 मध्ये कडांवर बेतलेली हीच रूपे शुद्ध भूमितीच्या कामी मांडली होती. विजेशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते.

खर्च मात्र भारी. मापकाच्या लहरीची लांबी साडेअकरा मिलिमीटर. तिचे दहा भाग करावयाचे म्हटले, तर एका घनमीटरात साठ कोटींहून अधिक घरे होतात. त्यामुळे गणना कर्णा आणि त्याच्या निकटच्या परिसरापुरतीच ठेवतात, आणि त्या कृत्रिम हद्दीवरून लहर उलटू नये म्हणून बेरांजे यांनी 1994 मध्ये सुचवलेला शोषक थर भोवती लावतात. खाली ओंडके वाहून आणणारे खवळलेले पाणी या गणनेत येतच नाही. तेथे मापक अनेक प्रतिध्वनींची सरासरी काढून भागवते.