मोजणीची नोटीस आली तर घ्या, घाबरू नका

शेतकरी बंधूंनो, पिकं निघाली, शिवार मोकळं झालं की मोजणीचे दिवस येतात. पारनेर असो की शेवगाव, आपल्या जिल्ह्यात बांधाचा वाद कोणत्या गावाला चुकला आहे?

मोजणीच्या अर्जात चतुःसीमा आणि लगतच्या खातेदारांची नावे-पत्ते द्यावे लागतात. त्यावरून तालुक्याचे भूमि अभिलेख कार्यालय शेजाऱ्यांना नोटीस पाठवते. तिथे मयताचेच नाव किंवा जुना पत्ता दिला, तर पुढे तक्रारीला वाव राहतो.

‘नोटीस घेतलीच नाय, तर मोजणी कशी होईल?’ असे पारावर सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकू नका. नोटीस बजावल्यावर तुम्ही गैरहजर राहिलात तरी मोजणी होते. त्यापेक्षा त्या दिवशी बांधावर हजर राहा, भूकरमापकाला आपली वहिवाट दाखवा. हरकत असेल तर तिथेच जबाबात लिहून द्या. वाचल्याशिवाय सही करू नका. मोजणी पटली नाही, तर निमताना आणि त्यापुढे सुपर निमताना मोजणी मागता येते.

आणि अर्ज तुमचाच असेल, तर कागद जाण्याआधी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन एकदा सांगा. त्याचा ऊस उभा असेल, तर अर्ज चार दिवस उशिरा करता येतो. बिघडलेला शेजार मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुरतो.