एक्स्टेंशन म्हणजे मुखत्यारपत्रच!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. घरातले पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बिघडले, म्हणून आम्ही गूगलवर कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक शोधला आणि सर्वांत वर आलेल्या क्रमांकावर फोन लावला. समोरचा गृहस्थ फार आदबीने बोलत होता. "नोंदणीचे फक्त दहा रुपये भरा, लिंक पाठवतो," म्हणाला. तेवढ्यात आमच्या सौ. म्हणाल्या, "माणूस घरी येऊन पैसे घेतो ना? मग आधी कशाला?" आम्ही फोन ठेवला. नंतर नीट पाहिले, तर त्या क्रमांकाच्या वर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेले. म्हणजे ती जाहिरात होती! उभी हयात बँकेत लोकांच्या सह्या तपासण्यात गेली, आणि ही चार अक्षरे आमच्या नजरेतून सुटली.

तेव्हापासून आम्ही ब्राउझरला जोडायच्या लहान साधनांकडे लक्ष देऊ लागलो. यांना एक्स्टेंशन किंवा ॲड-ऑन म्हणतात. आमच्या रोजच्या वापरातली तीन अशी :

१. यूब्लॉक ओरिजिन : जाहिराती अडवणारे, मोफत साधन. फायरफॉक्सवर मूळ आवृत्ती चालते, क्रोमवर आता 'यूब्लॉक ओरिजिन लाइट' घ्यावी लागते. मिळत्याजुळत्या नावाची इतर साधनेही आहेत, म्हणून 'ओरिजिन' हा शब्द पाहूनच घ्यावे. सगळ्याच जाहिराती जातील असे नाही. त्यामुळे कंपनीचा क्रमांक बिलावरून किंवा वस्तूच्या खोक्यावरूनच घेण्याची सवय सोडू नये.

२. बिटवॉर्डन : पासवर्ड सांभाळणारी तिजोरी. आपण एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. तो विसरलात तर कंपनीही काढून देऊ शकत नाही, म्हणून कागदावर लिहून कपाटात ठेवावा आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवावे. याचा खरा फायदा वेगळाच आहे. हे साधन वेबसाइटचा पत्ता जुळला तरच पासवर्ड पुढे करते. नकली साइट आपल्या डोळ्यांना फसवते, याला नाही. ते गप्प बसले की आपणही थांबावे. मात्र रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांचे पत्ते 2025 मध्ये 'डॉट बँक डॉट इन' असे झाले. जुना पत्ता जतन केलेला असेल तर खऱ्या साइटवरही ते गप्प बसेल. अशा वेळी नवा पत्ता शाखेत विचारून घ्यावा, मेसेजमधल्या लिंकवरून नाही.

३. गूगल इनपुट टूल्स : इंग्रजी अक्षरांत टाइप केले की देवनागरी उमटते. आपल्याकडे मुले सवयीने हिंदी निवडतात. यादीत मराठी वेगळी आहे, तीच निवडावी, म्हणजे सुचवले जाणारे शब्दही मराठी येतात.

आता मुख्य मुद्दा. एक्स्टेंशन घेताना ब्राउझर परवानगी विचारतो : 'सर्व वेबसाइटवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे.' आपण न वाचता होकार देतो. बँकेच्या भाषेत हे कुलमुखत्यारपत्र झाले. जाहिराती अडवणाऱ्याला प्रत्येक पान पाहावे लागते, तेव्हा त्याने ते मागणे रास्त आहे. पण हवामान सांगणाऱ्या साधनाला आपल्या बँकेचे पान कशाला बघायचे आहे?

शिवाय मुखत्यार बदलूही शकतो. 'द ग्रेट सस्पेंडर' हे लाखो लोकांचे आवडते एक्स्टेंशन होते. वापरात नसलेले टॅब झोपवून ते संगणकाची मेमरी वाचवत असे. 2020 मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्याला दिले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये घातक कोड असल्याचे कारण देऊन गूगलने ते काढून टाकले. वापरणाऱ्यांनी मात्र नवे काहीच घेतले नव्हते. नाव तेच, चिन्ह तेच, मालक तेवढा बदलला होता.

म्हणून आज घरच्या संगणकावर एवढे करा. क्रोममध्ये वर उजवीकडे कोड्याच्या तुकड्यासारखे चिन्ह आहे, त्यावर क्लिक करून यादी पाहा. कशासाठी घेतले ते आठवत नसेल, तर काढून टाका. नवे घ्यायचे ते ब्राउझरच्या अधिकृत दुकानातूनच. 'तुमचा ब्राउझर जुना झाला, हे बसवा' असे एखादे पान ओरडू लागले, तर ते पान बंद करा. आमच्या यादीत अकरा निघाली. आता तीन आहेत.

आणि इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड. आम्ही थोडक्यात वाचलो ते हुशारीने नव्हे, शेजारी विचारणारे माणूस होते म्हणून. आपल्यापैकी जे एकटे राहतात, त्यांनी मंडळात कुणालाही, अगदी आम्हालाही, आधी बेलाशक विचारावे.