नर्मदातीरीचे महेश्वर : राजधानी, पेठ आणि माग

इंदुराहून सुमारे नव्वद किलोमीटरांवर, निमाडात, नर्मदेच्या उत्तर तीरावर महेश्वर वसले आहे. २०११ च्या जनगणनेत लोकवस्ती अवघी चोवीस हजारांच्या आसपास. परंतु इंदूर, देवास, धार येथील मराठी घराण्यांस हे गाव परके वाटत नाही.

गावाचे प्राचीनत्व प्रथम पुण्याच्या मंडळींनीच मातीतून वर काढले. डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५२-५३ साली येथे व पैलतीरावरील नावडाटोली येथे उत्खनन केले. नावडाटोलीस रंगीत चित्रांची मृद्भांडी, तांब्याच्या वस्तू व धान्याचे दाणे सापडले आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीही या काठावर शेतकरी नांदत होते, हे सिद्ध झाले.

तरी महेश्वर म्हटले की आठवते ते अहल्यादेवींचेच नाव. १७६७ साली कारभार हाती आल्यावर त्यांनी येथे राजधानी केली आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी येथेच देह ठेवला. त्यांचा वाडा पाहून नवखा प्रवासी थोडा निराश होतो. लाकडी खांबांचे साधे घरच ते! वैभव आहे ते खाली घाटावर. व्यापारी वाचकांस मात्र दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटेल. सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात नमूद केले आहे की, सावकार, व्यापारी व शेतकरी संपन्न झालेले पाहून बाईंस संतोष होई. कोणी धनवान झाला म्हणून त्याजकडून अधिक उकळावे, असे त्यांनी मानले नाही. त्या काळी हा विचार किती दुर्मीळ होता, हे जुन्या पेढ्यांचा इतिहास जाणणाऱ्यांस सांगावयास नको.

१८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई होळकर हरले, पुढल्याच महिन्यात मंदसोरचा तह झाला आणि राजधानी इंदुरास गेली. दरबार गेला, तसे मोठे गिऱ्हाईकही गेले. मागे राहिले घाट, देवळे आणि माग.

महेश्वरी लुगड्याचा ताणा रेशमी व बाणा सुती असतो. म्हणून ते अंगास हलके लागते. पदरावर पाच पट्टे, आणि काठावर चटाई, वीट, लहर, रुईफूल अशी नक्षी. ही नक्षी किल्ल्याच्या व घाटाच्या दगडांवरून घेतली, असे विणकर सांगतात. दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा ‘बुगडी’ काठ ही येथील खास खूण. पूर्वी नऊवारी विणली जात. ती नेसणाऱ्या कमी झाल्या, तसा धंदाही खचला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील मंडळींनी ‘रेहवा’ संस्था स्थापून स्त्रियांस विणकाम शिकविले, तेव्हा माग पुन्हा वाजू लागले. आज गावात शिरताच गल्लोगल्ली तो खटका ऐकू येतो.

परंतु धास्ती संपलेली नाही. या वस्त्रास भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली आहे, आणि हातमागासाठी राखीव वाणांचा कायदाही १९८५ पासून आहे. तरी यंत्रमागावरील नक्कल ‘महेश्वरी’ म्हणूनच खपते. विणकराजवळ भांडवल नसते. सूत व रेशीम त्यास पुरविले जाते आणि हाती येते ती नगावरची मजुरी. स्वस्त नक्कल दुकानी लागली की पहिली काट या मजुरीस बसते. दुकान कोणाचे, हे आपणच पाहावे.

नदीचीही एक कथा आहे. वरच्या अंगास मंडलेश्वराजवळ ४०० मेगावॉटच्या वीज प्रकल्पाचे धरण उभे राहिले. बुडिताखालील गावांनी वर्षानुवर्षे विरोध केला, आणि २०२० साली राज्यशासनाने वीजखरेदीचा करारच रद्द केला.

अहल्यादेवींच्या जन्मत्रिशताब्दीनिमित्त २४ जानेवारी २०२५ रोजी मध्यप्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक महेश्वरी भरली. १ एप्रिलपासून येथील दारूची दुकानेही बंद झाली. यात्रेकरूंची व सहलीच्या मंडळींची वर्दळ वाढली आहे. सायंकाळी नावेतून पैलतीरी निघावे. मागे वळून पाहिले की घाटावर दिवे लागलेले असतात.